वही कुणाच्या हातात?

आपल्या अकोले तालुक्यात लाल बावटा काही नवा नाही. राजूरच्या बाजारातून लाल टोप्या घातलेली माणसं ट्रकमध्ये चढताना आपण लहानपणापासून पाहतो. कुणाची आजी मोर्चाला गेलेली असते, तर कुणाचा सासरा. पण गटाच्या बैठकीत दोन-तीन ठिकाणी बायांनी आम्हाला विचारलं, की हे कम्युनिस्ट म्हणजे नक्की काय? आणि ते ज्याच्या विरोधात बोलतात ती भांडवलशाही म्हणजे काय? एका गटात तर एक ताई म्हणाल्या, “आमच्याकडं ना भांडवल, ना शाही. मग आम्हाला त्याचं काय?”

त्यांना तिथल्या तिथं उत्तर देता आलं असतं, पण आम्हाला वाटलं की ही गोष्ट आपल्याच मुलखाच्या इतिहासातून सांगावी. ती सगळी इथंच, प्रवरेच्या काठी घडलेली आहे.

आधी दोन शब्दांत अर्थ. ज्यातून पैसा तयार होतो ती वस्तू, म्हणजे जमीन, पाणी, बियाणं, यंत्र, कारखाना, कर्जाला लावायची रक्कम, हे झालं भांडवल. हे भांडवल खासगी मालकाकडं असावं, त्यानं ते नफ्यासाठी लावावं, बाकीच्यांनी मजुरीवर काम करावं आणि भाव बाजारानं ठरवावा, ही भांडवलशाही. हे सगळं कुणा एकाचं नसावं, कष्टकऱ्यांचं सामायिक असावं, कुणी दुसऱ्याच्या कष्टावर श्रीमंत होऊ नये, हे कम्युनिस्टांचं म्हणणं. मराठीत त्याला साम्यवाद म्हणतात. भांडण आहे ते मालकी कुणाची यावर. पैसा वाईट की चांगला, हा त्यातला मुद्दाच नाही.

आता १८४८ सालात जाऊ. त्या वर्षी फेब्रुवारीत लंडन शहरात कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स या दोन जर्मन माणसांनी एक लहानसं पुस्तक छापलं, कम्युनिस्ट जाहीरनामा. जगातल्या कामगारांनी एक व्हावं असं त्यात होतं. त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात आपल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी फाशी दिली. राघोजींना मार्क्स माहीत नव्हता आणि मार्क्सला राघोजी. पण दोघांच्या रागाचं कारण शेजारशेजारचं होतं.

राघोजी महादेव कोळी समाजाचे. इंग्रज आल्यावर डोंगरातल्या लोकांचे गडकिल्ल्यांच्या राखणीचे जुने हक्क आणि मान गेले. सारा रोख पैशात भरायचा आला. भात खाचरात उभं असतानाच हप्ता यायचा. रोख पैसा डोंगरात होता कुणाकडं? सावकाराकडं. तो पैसे द्यायचा आणि कागदावर अंगठा घ्यायचा. त्या कागदावर काय लिहिलंय ते फक्त त्यालाच वाचता यायचं. आधी सावकार गावाला थोडा धरून असायचा, कारण वसुलीसाठी त्याला गावाशिवाय आधार नव्हता. इंग्रजी कोर्ट आल्यावर त्याच्या मागं सरकार उभं राहिलं. कागद दाखवला की हुकूमनामा, आणि हुकूमनामा मिळाला की जप्ती. राघोजी आणि त्यांच्या साथीदारांनी सावकारांवर धाडी घातल्या, काही सावकारांची नाकं कापली. ती क्रूर गोष्ट होती, आम्ही तिचं कौतुक करणार नाही. पण राग वेडा नव्हता. वहीत जे लिहिलं जात होतं त्याला दाद मागायला दुसरी जागाच नव्हती. राघोजी शेवटी पंढरपुरात वारकऱ्याच्या वेशात पकडले गेले.

१८४८ ची तिसरी गोष्ट तर आपण बायांनी कधीच विसरू नये. जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली ती याच वर्षी. एकीकडं बंड, एकीकडं पुस्तक आणि एकीकडं अक्षर. आम्हाला विचाराल तर तिघांत अक्षराचा मार्ग सगळ्यात लांबचा, पण वही वाचायची असेल तर तोच लागतो.

राघोजींच्या नंतर सत्तावीस वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली. आपल्या नगर जिल्ह्यातही दंगे पसरले. त्या दंग्यांत एक गोष्ट मोठी लक्षात घेण्यासारखी आहे. बऱ्याच ठिकाणी लोकांनी मारामारीपेक्षा कागद मागितले. गहाणखतं, कर्जरोखे, वह्या बाहेर काढायला लावल्या आणि चौकात जाळल्या. लोकांना बरोबर ठाऊक होतं की आपली गुलामी कुठं लिहून ठेवलीय. सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यानं कोर्टाला कर्जाचा हिशोब मुळापासून तपासायची मुभा मिळाली. सावकारी संपली नाही, पण वही उघडून बघता येते हे कायद्यात आलं.

पुढचा भाग पाण्याचा. भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून कागदोपत्री नाव विल्सन डॅम. सुमारे अकरा टीएमसी पाणी त्यात साठतं. आपल्या तालुक्याचे डोंगर, आपला पाऊस, आपली बुडालेली जमीन. आणि कालवे कुठून सुरू होतात? संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापासून! म्हणजे राजूर, अकोले ओलांडून नदीतून पाणी खाली जायचं, तिथं अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी अजून खालच्या सपाट जमिनीला द्यायचं. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आपल्याइतकी कुणाला कळणार.

खाली त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. बेलापूर कंपनी नावाची खासगी साखर कंपनी श्रीरामपूरजवळ हरेगावला आली. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं, म्हणजे भाडेपट्ट्यानं, घेतल्या. ही खरी भांडवलशाही, पुस्तकातली नव्हे. तिनं काही घडवलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. दुष्काळी माळावर यंत्रं आली, कारखाना आला, रोजगार आला. एवढा पैसा एकट्यादुकट्या शेतकऱ्याकडं कधीच नव्हता. पण हिशोब बघा. धरण सरकारी पैशानं, म्हणजे साऱ्यातून बांधलं. पाणी डोंगराचं. जमीन शेतकऱ्याची. घाम मजुराचा. आणि साखरेचा नफा भागधारकांचा. मार्क्सचं म्हणणं समजायला जाडजूड ग्रंथ नको, हरेगावचा हिशोब पुरेसा आहे.

यातून शेतकऱ्यांनी एक वेगळीच वाट काढली, आणि तीही आपल्याच नदीकाठी. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी काढली. पुढं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना सोबत घेऊन शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. गाडगीळच त्याचे पहिले अध्यक्ष. १९५० साली प्रवरानगरला गळीत सुरू झालं. ऊस ज्याचा, कारखाना त्याचा. इथं मालक शेटजी नव्हता आणि सरकारही नव्हतं. एका सभासदाला एक मत, मग त्याचे शेअर कितीही असोत. कंपनीत जितके शेअर तितकी मतं असतात, हा मोठा फरक.

सहकारानं नगर जिल्हा बदलला, हे आपण डोळ्यांनी पाहतो. शाळा, दवाखाने, रस्ते झाले. पण या कारखान्याचा सभासद होणार कोण? ज्याच्याकडं ऊस आहे तो. ऊस कुणाकडं? ज्याच्याकडं जमीन आणि पाणी दोन्ही आहे त्याच्याकडं. म्हणजे डोंगरातला वरई-नागली पिकवणारा बाहेर. ऊसतोडीला येणारं जोडपं तर बाहेरच. आणि जमीन नवऱ्याच्या नावावर असल्यामुळं शेअरही नवऱ्याचा, म्हणजे बाईसुद्धा बाहेर. सहकार हा खंडापेक्षा शंभर पटींनी बरा, पण त्याच्या दाराला उंबरा होता. आपल्या अकोल्यात अगस्ती कारखाना उभा राहिला तोही लोणीनंतर कितीतरी वर्षांनी.

ज्यांना सहकाराच्या दारात उभं राहता आलं नाही, त्यांच्यात लाल बावटा रुजला. जानेवारी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथं डहाणू-तलासरीकडचे वारली आले. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, त्याला वेठ म्हणत. लग्नाला कर्ज काढलं म्हणून आयुष्यभर राबणारा, तो लगीनगडी. त्याच्या बायकोवरही मालकाचा हक्क समजला जायचा. या लोकांमध्ये काम करायला शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर गेल्या. गोदावरीबाई पुण्याच्या वकिलाच्या घरातल्या, स्वतः कायद्याच्या पदवीधर. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या बाई असं सांगतात. त्या पाड्यावर राहिल्या, आंबील-भाकरी जे असेल ते खाल्लं, रानातून पायी हिंडल्या. त्याचं पुस्तक त्यांनी पुढं लिहिलं, ‘जेव्हा माणूस जागा होतो’. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वाचनालयात असेल तर जरूर काढून वाचा.

वारल्यांची मागणी काय होती? वेठ बंद. दिवसाला बारा आणे मजुरी. पाचशे रत्तल गवत कापलं तर अडीच रुपये. एवढंच. जमीनदाराचं डोकं नको होतं कुणाला. आणि एवढ्यासाठी १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. तरी वेठ मोडलीच.

आम्हाला वाटतं, लाल बावट्याची ओढ लोकांना का लागली याचं उत्तर इथं आहे. रशियात काय चाललंय ते त्या वारल्याला कळण्याचं कारण नव्हतं. पण शहरातली शिकलेली बाई आपल्या चुलीपाशी बसते, आपल्याला “अरे” न म्हणता नावानं हाक मारते, आणि कष्टाचा दाम माग म्हणते, हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं. बारा आणे महत्त्वाचे होतेच, पण ताठ मानेनं मागणं त्याहून महत्त्वाचं होतं. आपल्या अकोल्यातही बुवा नवले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी किसान सभा गावोगाव नेली. शेजारच्या संगमनेरचे दत्ता देशमुख लाल निशाण पक्षाचे. शेतमजुरांसाठी आणि दुष्काळाच्या कामांसाठी त्यांनी आयुष्य घातलं. ही माणसं कारखान्याच्या कामगारांइतकीच रानातल्या माणसांची होती, म्हणून आपल्याकडं हा बावटा टिकला.

तो अजून चालतो आहे, अक्षरशः चालतो आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर हजारो लोक पायी गेले, त्यात आपल्या भागातल्या बायाही होत्या. पायाला फोड आले, चपला तुटल्या. शेवटच्या रात्री, सकाळी मुलांची दहावीची परीक्षा आहे म्हणून, झोप सोडून अंधारातच आझाद मैदान गाठलं. मुंबईच्या लोकांनी पाणी, बिस्किटं, चपला आणून दिल्या. एप्रिल २०२३ मध्ये अकोल्याहून लोणीकडं मोर्चा निघाला. दुसऱ्या दिवशी धांदरफळला मंत्री चर्चेला आले आणि तो तिथं थांबला. लोणी म्हणजे तेच, जिथं शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा राहिला. शंभर वर्षांनी डोंगर सपाटीकडं आपला हिस्सा मागायला निघाला होता, असं आम्हाला ते चित्र दिसलं. दुसऱ्या कुणाला वेगळं दिसेल.

या मोर्चांची मोठी मागणी वनजमिनीची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळतो. त्या कायद्यात एक कलम आहे, ते ऐका. लग्न झालेल्या माणसाला पट्टा मिळताना तो नवरा आणि बायको दोघांच्या नावानं द्यायचा. पुन्हा सांगतो, दोघांच्या नावानं. आपल्या घरी पट्टा आला असेल तर तो काढा आणि आपलं नाव आहे का ते वाचा. नसेल तर राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा.

आता दुसरी बाजूही तितक्याच खरेपणानं सांगायला हवी, नाहीतर हा इतिहास एका बाजूचा होईल. १९१७ मध्ये रशियात कम्युनिस्टांचं राज्य आलं. जमीनदार गेले. पण पुढं सगळी शेती जबरदस्तीनं सामूहिक केली, धान्य सरकारनं उचललं, आणि १९३२-३३ मध्ये लाखो माणसं उपाशी मेली. चीनमध्ये १९५८ नंतर तेच झालं, त्याहून मोठं. तिथं घरच्या चुलीसुद्धा बंद करून गावाची एक खाणावळ केली होती. वरच्याला खूश करायला खोटे आकडे लिहिले गेले, कोठारं भरलेली दाखवली आणि माणसं मेली. म्हणजे वही सावकाराच्या हातातून काढून सरकारी बाबूच्या हातात दिली, तरी लिहिणारा खोटं लिहितोच, जर ती तपासायची कुणाला परवानगी नसेल. चीननं १९७८ नंतर शेतं पुन्हा घराघराला कसायला दिली. रशियातलं राज्य १९९१ मध्ये संपलं.

इतक्या लांब कशाला, आपल्या जिल्ह्यातच उदाहरण आहे. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानं खासगी साखर कंपन्यांच्या जमिनी सरकारनं घेतल्या. लोकांना वाटलं, आता आमची खंडाची जमीन परत येणार. ती गेली शेती महामंडळाकडं, जे १९६३ मध्ये स्थापन झालं. मालक बदलला. कंपनीच्या जागी सरकार आलं, शेतकरी बाहेर तो बाहेरच राहिला. खंडकऱ्यांनी आपलीच जमीन परत मिळवण्यासाठी पन्नास वर्षं लढा दिला, २०१२ च्या सुमारास वाटप सुरू झालं. गंमत बघा, त्या लढ्याचे एक मोठे पुढारी होते मनमाडचे कॉम्रेड माधवराव गायकवाड. म्हणजे सरकारी मालकीतून जमीन सोडवून शेतकऱ्याला खासगी मालकीनं द्या, म्हणून एक कम्युनिस्ट लढत होता. पुस्तकात हे बसत नाही, पण कसणाऱ्याला त्यात काही चूक वाटणार नाही.

आणि बाजाराची बाजू घेणारेही आपल्यातूनच उठले. शरद जोशी यांनी १९८० च्या आसपास चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं. त्यांचं म्हणणं लाल बावट्याच्या उलट. ते म्हणायचे, शेतकरी गरीब आहे तो सरकार भाव पाडतं म्हणून. बाजार मोकळा करा, शेतकऱ्याला अनुदान नको, घामाचा दाम द्या. लाखो शेतकरी त्यांच्या मागं गेले. १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला त्यांनी शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं. पुढं लक्ष्मीमुक्ती नावाचा कार्यक्रम केला, घरच्या लक्ष्मीचं ऋण फेडायचं म्हणून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. हजारो घरांत तसं झालं. डावीकडून आलेल्या कायद्यात बाईचं नाव पट्ट्यावर आलं आणि उजवीकडून आलेल्या चळवळीत सातबाऱ्यावर. आपण दोन्ही घ्यावीत.

बाजार मोकळा झाला की सगळं बरं होतं का? जून महिन्यात नाही तर मे महिन्यात बाळहिरडा गोळा केलेल्या बाईला विचारा. झाडाखाली वेचायचा, वाळवायचा, पाटीत घालून बाजारात न्यायचा, आणि भाव सांगणारा व्यापारी एकच. मोकळ्या बाजारात दोघं मोकळे हवेत. एकाकडं गोदाम आणि गाडी आहे, दुसरीला संध्याकाळचं तेल-मीठ घेऊन घरी जायचंय. यात भाव कोण ठरवणार ते सांगायला नको. म्हणूनच आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदीची मागणी होते. आणि महामंडळाचं खरेदी केंद्र वेळेवर उघडलं नाही तर आपण पुन्हा व्यापाऱ्याकडंच जातो, हेही खरं.

महाराष्ट्रानं एक मधली गोष्ट केली, तिचा अभिमान वाटतो. १९७२ च्या दुष्काळात लाखो बाया खडी फोडायला गेल्या. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ चा. मागेल त्याला काम, बाईला पुरुषाइतकी मजुरी. त्याचा पैसा आणायचा कुठून? शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लावला. म्हणजे मुंबईच्या पगारातून अकोल्याच्या बांधाला मजुरी. कारखाने मालकांचेच राहिले, पण त्यांच्या कमाईतला वाटा हक्कानं गावाकडं आला. पुढं देशानं हाच कायदा घेतला.

एवढं सगळं होऊनही आज काय स्थिती आहे? जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये आपल्या देशाचा हिशोब मांडला. देशाची सगळी संपत्ती १०० रुपये धरली आणि माणसं १०० धरली, तर सगळ्यात वरच्या एका माणसाकडं ४० रुपये आहेत. आणि खालच्या पन्नास माणसांत मिळून साधारण साडेसहा रुपये. आपण त्या पन्नासात. त्यातही बायांचं काय ते त्या हिशोबात वेगळं दिसत नाही, कारण घर ज्याच्या नावावर त्याची ती संपत्ती. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क मिळाला, पण तो कायदा आदिवासी समाजाला आपोआप लागू होत नाही. आपल्या गटांतल्या अर्ध्याहून अधिक बायांना ही गोष्ट माहीतच नव्हती. लाल बावट्यानं यावर अजून मोठा मोर्चा काढायला हवा, असं आमचं मत आहे. बाकीच्यांनीही.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडं, की आमच्याकडं भांडवल कुठंय? आहे. गटात बारा बाया, महिन्याला शंभर रुपये, वर्षाला १४,४०० रुपये. हे भांडवलच. सावकार शेकडा पाचनं देतो, म्हणजे हजाराला महिन्याला पन्नास, वर्षाला सहाशे. गटात शेकडा दोन, वर्षाला दोनशे चाळीस. फरक तीनशे साठ रुपयांचा, आणि गटात दिलेलं व्याज गटातच राहतं. दारावर येणाऱ्या कर्ज कंपन्यांचा हप्ता आठवड्याला असतो, तेव्हा “फक्त एवढेच” असं वाटतं. सही करण्याआधी वर्षाला एकूण किती परत जाणार ते त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि परवान्याशिवाय सावकारी करणं हा २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

पण गटाच्या भांडवलावरही तेच जुनं भांडण उभं राहतं. आमच्या एका गटात पाच वर्षांनी नफा वाटायची वेळ आली. आकडे सोपे करून सांगतो. तिघी दरमहा तीनशे भरायच्या, नऊजणी शंभर. नफा ३६,००० रुपये. तिघी म्हणाल्या, बचतीच्या प्रमाणात वाटा. मग तिघींना प्रत्येकी ६,००० आणि नऊजणींना प्रत्येकी २,०००. बाकीच्या म्हणाल्या, गट सगळ्यांचा, सारखं वाटा, प्रत्येकीला ३,०००. बराच वेळ वाद चालला. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एकजण बोलली. तिनं पाच वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कर्ज घेतलेलं, दर वेळी फेडलेलं. ती म्हणाली, “हा नफा आला कुठून? माझ्या व्याजातून आला ना? मग ज्यांनी व्याज भरलं त्यांना काय?”

कुणी काही बोलेना. मार्क्सनं मालकाला विचारलेला प्रश्न तो हाच. तिघींचं म्हणणंही खोटं नव्हतं, त्यांनी पोटाला चिमटा काढून पैसे ठेवले नसते तर हिला कर्ज मिळालंच नसतं. शेवटी त्या गटानं ठरवलं, अर्धा नफा सारखा वाटायचा आणि अर्धा बचतीप्रमाणं. तिघींना ४,५०० आणि नऊजणींना २,५०० आले. आणि पुढच्या वर्षापासून व्याज शेकडा दोनवरून दीडवर आणलं, म्हणजे कर्ज घेणारीला तिचं तिथंच मिळावं. शेजारच्या दुसऱ्या गटानं वेगळं केलं. त्यांनी सगळ्यांची बचत एकसारखीच ठेवायची असा नियम केला, म्हणजे वादच नको. पण त्यात ज्या जास्त ठेवू शकत होत्या त्यांचे पैसे बाहेर जायला लागले, आणि गटाची कर्ज द्यायची रक्कम कमी झाली.

आपापल्या गटाचा नफा यंदा कसा वाटायचा ते मार्चअखेरच्या बैठकीत काढा. सचिव ताईंनी वही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावी, आणि जिला वाचता येत नाही तिच्याशेजारी वाचता येणारी बसवावी. तुमच्या गटानं काय ठरवलं ते रेडिओ केंद्रावर कळवा.